विज्ञानकादंबरी आणि तिच्यावरचा चित्रपट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या वाचनगटात दर महिन्याला एक विज्ञानकादंबरी वाचली जाते, मग तिच्यावरचा चित्रपट एकत्र पाहिला जातो आणि त्यानंतर चहाबरोबर वाद होतो. नव्यानं येणारे जवळपास हेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवते आहे. मतं माझी आहेत. गटातल्या निम्म्या लोकांना ती पटत नाहीत. खाली कथांचे शेवट उघड केले आहेत, तेव्हा जे वाचायचं-पाहायचं राहिलं असेल तो प्रश्न सोडून पुढे जा.

'मूळ पुस्तकच चांगलं होतं' एवढं म्हटलं की विषय संपत नाही का?

संपतो, आणि मला तेच नको असतं. असं म्हणणाऱ्याला मी विचारते, पुस्तकातलं नेमकं काय गेलं? बहुतेक वेळा उत्तर येतं, अमका प्रसंग गाळला, तमकं पात्र घेतलंच नाही. प्रसंग गाळले जाणारच. चारशे-पाचशे पानं अडीच तासांत बसवायची तर कात्री लागणार.

जरा खोदून विचारलं की खरी तक्रार बाहेर येते. मिलिंद बोकीलांची 'शाळा' वाचलेल्यांना हे चटकन कळेल. त्या कादंबरीत आपल्याला गुंतवतो तो मुकुंदाचा मनातल्या मनात चाललेला आवाज. चित्रपटात मुलं, वर्ग, गाव सगळं डोळ्यांना दिसतं, पण तो अखंड आवाज तसाच्या तसा येऊ शकत नाही. वाचकाला चुकल्यासारखं होतं ते तिथं.

मग विज्ञानकादंबरीचा प्रश्न वेगळा कसा? सगळ्याच कादंबऱ्यांचं असं होतं.

होतं, पण इथं ते जास्त बोचतं. विज्ञानकादंबरीत घटनांइतकाच विचार महत्त्वाचा असतो. समोर काहीतरी अनोळखी उभं आहे आणि माणूस त्याचा अर्थ लावू पाहतो आहे, अशी तिची मांडणी. तो अर्थ लावणं म्हणजेच कथानक. चित्रपटवाल्यांना यान दाखवता येतं, ग्रह दाखवता येतो, आणि अलीकडे तर काहीही दाखवता येतं. विचार कुठे ठेवायचा, हा पेच मात्र सुटत नाही. निवेदनात ठेवायचा? संवादात? संकलनात? की एखाद्या नटीच्या चेहऱ्यावर सोपवायचा?

म्हणून मी प्रत्येक रूपांतराला हेच विचारते: पुस्तकातला विचार पडद्यावर कुठे ठेवला आहे? ते सापडलं की चित्रपट का जमला किंवा का फसला हे बरंचसं उलगडतं.

आधी वाचायचं की आधी पाहायचं?

आधी वाचा. एकदा पडद्यावरचे चेहरे डोक्यात बसले की ते निघत नाहीत. अपवाद एकच, '२००१: अ स्पेस ओडिसी'. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

'अरायव्हल'वर तुम्ही दर वेळी इतका वेळ का घेता?

कारण तिथं रूपांतराचं सगळं शास्त्र एका जागी पाहायला मिळतं. टेड चियांग यांची 'स्टोरी ऑफ युअर लाइफ' ही दीर्घकथा १९९८ साली आली, डेनी व्हिलनव्ह यांचा चित्रपट २०१६ साली. लुईज बँक्स ही भाषातज्ज्ञ परग्रहवासीयांची लिपी शिकते. त्या लिपीत वाक्य एकामागून एक शब्द असं लिहिलं जात नाही, सगळं वाक्य एकदमच उमटतं. ती लिपी अंगात मुरत जाते तसा लुईजला काळही तसाच, एकदम आणि सलग दिसायला लागतो.

कथेत लुईज आपल्या मुलीशी बोलते आहे आणि मुलीचं सगळं आयुष्य ती भविष्यकाळात सांगते. साधारण असं समजा (वाक्य माझं आहे): 'तू जिन्यावरून पडशील आणि मी धावत येईन, ते मला आठवतंय.' मोठ्यानं म्हणून पाहा. 'पडशील' आणि 'आठवतंय' ही क्रियापदं एका वाक्यात नांदत नाहीत. वाचताना ठेच लागते, आणि चियांग यांनी अख्खी कथा त्या ठेचेवर उभी केली आहे. नीट वाचणाऱ्याला पहिल्याच पानावर कळू शकतं की मुलीचा जन्म अजून व्हायचा आहे.

कॅमेऱ्याला मात्र काळ नसतो. पडली, पडते, पडेल यांतला फरक चित्राला दाखवता येत नाही. पडद्यावर मूल पडताना दिसतं, एवढंच. म्हणजे ज्यावर कथा उभी तीच गोष्ट चित्रपटाच्या हातात नाही. पटकथाकार एरिक हायसरर आणि व्हिलनव्ह यांनी मग काय केलं? चित्रपट मुलीच्या जन्मापासून मृत्यूपर्यंतच्या तुकड्यांनी सुरू केला आणि त्यानंतर लुईजला एकटीच विद्यापीठात जाताना दाखवलं. भूतकाळ आपणच लावतो. शेकडो चित्रपट पाहून आपल्याला सवय झालेली असते की आधी दुःख दाखवलं आणि मग उदास बाई दाखवली, तर दुःख आधी घडलेलं असणार. चियांग यांनी वाचकाच्या व्याकरणाला धक्का दिला होता, चित्रपटानं प्रेक्षकाच्या सवयीला दिला. शब्दाला शब्द न ठेवताही इतकं प्रामाणिक रूपांतर मी क्वचितच पाहिलं आहे.

मग त्यात काही गमावलंच नाही?

गमावलं, आणि जे गमावलं ते कथेचं काळीज आहे असं मला वाटतं.

पहिली गोष्ट फर्माच्या तत्त्वाची. प्रकाशाचा किरण हवेतून पाण्यात शिरताना वाकतो. कमीत कमी वेळ लागेल असा मार्ग तो घेतो, अशीही त्याची मांडणी करता येते. पण सर्वांत जलद मार्ग ठरवायचा तर कुठे पोचायचं हे निघण्याआधीच माहीत हवं. कथेत ही आकृती काढून समजावली आहे आणि परग्रहवासीयांचं मन कळण्याची किल्ली तीच आहे. चित्रपटात ती जवळजवळ नाहीच.

दुसरी गोष्ट मुलीच्या मृत्यूची. चित्रपटात ती किशोरवयात असाध्य आजारानं जाते. कथेत ती पंचवीस वर्षांची असताना कडा चढताना पडून जाते. फरक किरकोळ वाटतो, पण आजार आईला थांबवता येत नाही. कड्यावर जाऊ नकोस, असं सांगायला एक फोन पुरला असता. आईला सगळं माहीत आहे आणि तो फोन ती करणार नाही. अख्ख्या कथेचं ओझं या न केलेल्या फोनवर आहे. चित्रपटानं आजार निवडला आणि प्रश्न 'मूल होऊ द्यावं का' एवढाच उरला. तोही जड आहे, पण तो पेलता येतो. कथेतला मला अजून पेलत नाही.

चित्रपटात चिनी सेनापतीला केलेला फोन, स्फोट, जगावरचं युद्धाचं सावट आहे. यातलं काहीच कथेत नाही. तिथं परग्रहवासी जसे आले तसे कारण न सांगता निघून जातात.

'सोलारिस' लेम यांना आवडला नव्हता. मग त्याला चांगलं रूपांतर म्हणायचं का?

चांगला चित्रपट म्हणायचा. चांगलं रूपांतर म्हणायला मी तयार नाही.

स्तानिस्वाफ लेम यांची कादंबरी १९६१ची, आंद्रेई तार्कोव्हस्की यांचा चित्रपट १९७२चा. एक ग्रह आहे, त्यावर पसरलेला एकच समुद्र आहे आणि तो समुद्र बहुधा सजीव आहे. वरच्या स्थानकात राहणाऱ्या शास्त्रज्ञांच्या मनातली माणसं तो हाडामांसाची करून पाठवतो. केल्विनकडे त्याची आत्महत्या केलेली बायको येते.

कादंबरीत या बायकोइतकीच जागा ग्रंथालयाला आहे. सोलारिसचा अभ्यास करणारं एक अख्खं शास्त्र, त्यातले पंथ, वाद, समुद्रातून उठणाऱ्या प्रचंड आकारांची वर्गीकरणं, असं पानंच्या पानं चालतं. नवे वाचक इथं कंटाळतात आणि मी त्यांना धीर धरायला सांगते. एवढा अभ्यास करूनही माणसाला त्या समुद्राचं काडीमात्र कळलेलं नाही, हे त्या पानांचं वजन अंगावर आल्याखेरीज उमगत नाही.

तार्कोव्हस्की यांनी चित्रपट पृथ्वीवर सुरू केला. पाण्याखाली डुलणाऱ्या वनस्पती, वडिलांचं घर, उघड्यावरच्या टेबलावरचा चहाचा कप आणि त्यात पडणारा पाऊस. नंतर मोटारीतून होणारा एक लांबच लांब प्रवास आहे. तो टोकियोच्या रस्त्यांवर चित्रित केलेला आहे. आमच्याकडे त्या वेळी खुर्च्या करकरायला लागतात. यातलं काहीच कादंबरीत नाही, तिची सुरुवातच स्थानकाकडे जाण्यानं होते. लेम यांची तक्रार अशी की तार्कोव्हस्की यांनी 'सोलारिस' सोडून 'क्राइम अँड पनिशमेंट' केला. २००२ साली स्टीव्हन सोडरबर्ग यांनी पुन्हा चित्रपट केला. त्यावर लेम म्हणाले की आपल्या पुस्तकाचं नाव 'सोलारिस' आहे, 'अंतराळातलं प्रेम' नाही.

दोन्ही शेवट शेजारी ठेवून पाहा. चित्रपटात केल्विन वडिलांच्या घरी पोचतो. घराच्या आत पाऊस पडतो आहे. तो गुडघे टेकतो, कॅमेरा वर वर जातो आणि दिसतं की ते घर समुद्रातल्या एका बेटावर आहे. समुद्रानं माणसाला त्याचंच घर करून दिलं. कादंबरीत केल्विन किनाऱ्यावर उतरून लाटेपुढे हात करतो. लाट थबकते, मागे सरते, मग त्याच्या हाताभोवती येते, पण स्पर्श करत नाही. हातमोजा आणि लाट यांच्यामध्ये हवेचा पातळ थर राहतो. तो हात हलवतो, ती बरोबर हलते. असं काही वेळा झाल्यावर तिचं कुतूहल संपतं.

त्या हवेच्या थराएवढं अंतर लेम यांना राखायचं होतं. तार्कोव्हस्की यांनी ते मिटवलं. मला चित्रपटाचा शेवट पाहताना दर वेळी भरून येतं, आणि तरीही या वादात मी लेम यांच्या बाजूनं आहे.

मूळ लेखकाचं मत अखेरचं मानायचं का?

मानू नये. फिलिप के. डिक यांना 'ब्लेड रनर'चे पाहायला मिळालेले तुकडे आवडले होते. डिक मार्च १९८२मध्ये गेले आणि चित्रपट जूनमध्ये आला. पण हा चित्रपट त्यांच्या १९६८च्या 'डू अँड्रॉइड्स ड्रीम ऑफ इलेक्ट्रिक शीप?' या कादंबरीचा अर्थ उलटा करतो.

कादंबरीतल्या जगात बहुतेक प्राणी मेले आहेत. खरा प्राणी पाळणं ही प्रतिष्ठा आहे. पळालेल्या यंत्रमानवांना मारणं हे नायकाचं काम. त्याच्याकडे गच्चीवर विजेवर चालणारी मेंढी आहे आणि शेजाऱ्याला ते कळू नये याची त्याला धास्ती आहे. त्या जगात एकाला जिवंत कोळी सापडतो. प्रिस ही यंत्रमानव तो हातात घेते आणि चार पायांवर चालेल का ते पाहायला एकेक पाय कापते. तिच्या मनात राग नाही, क्रौर्याची मजाही नाही. कोळ्याला काय होत असेल हा प्रश्नच तिच्या मनात उगवत नाही. डिक यांची माणूसपणाची व्याख्या त्या कोळ्यात आहे.

चित्रपटात कोळ्याचा तो प्रसंग नाही आणि मेंढीही नाही. तिथं पावसात, गच्चीच्या कडेला लोंबकळणाऱ्या नायकाला, म्हणजे आपल्याच मारेकऱ्याला, यंत्रमानव रॉय वाचवतो आणि मग स्वतः मरतो. पुस्तक म्हणतं, दुसऱ्याची वेदना यांना कळत नाही. चित्रपट म्हणतो, ती यांनाच कळते. आमच्या गटात यावरून अबोला धरलेले दोघं आहेत. दोन्ही बाजूंना आधार आहे.

विचार कुठे ठेवायचा, याचा धडाही इथं मिळतो. १९८२च्या आवृत्तीत नायकाचं निवेदन घातलं होतं. जे डोळ्यांना दिसतं आहे तेच कानाला सांगणारं ते निवेदन १९९२च्या आवृत्तीत काढलं आणि चित्रपट उंचावला. पाहायचा तर २००७ची 'फायनल कट' पाहा.

'ड्यून'मध्ये लिंच की व्हिलनव्ह?

व्हिलनव्ह. पण लिंच यांना हसणाऱ्यांशी मी सहमत नाही.

फ्रँक हर्बर्ट यांच्या १९६५च्या कादंबरीत एकाच प्रसंगात चार जणांच्या मनात शिरायची मुभा आहे. हा काय बोलला, तिनं काय ओळखलं, तिनं ओळखलं हे त्यानं कसं हेरलं, असं चालतं. डेव्हिड लिंच यांनी १९८४ साली हे विचार सरळ कुजबुजीत ऐकवले. पात्राचे ओठ बंद, आणि आवाज चालू. ते अवघडलेलं वाटतं, मान्य आहे. पण पुस्तकातली नेमकी अडचण त्यांनी ओळखली होती.

व्हिलनव्ह यांनी २०२१ आणि २०२४च्या दोन भागांत कुजबुज काढून टाकली. लोक ज्याला तारणहार मानू लागतात तो नायक पॉल आणि त्याची आई बोटांच्या खुणांनी बोलतात, बाकीचं शांततेवर सोडलं आहे. त्याहून मोठा बदल पॉलच्या प्रेयसीचा, चानीचा. तारणहारावर विश्वास ठेवू नका, हा हर्बर्ट यांचा इशारा कादंबरीत पॉलच्या स्वप्नांमध्ये विखुरलेला आहे. तो अनेक वाचकांच्या हातून निसटला आणि १९६९च्या पुढच्या कादंबरीत हर्बर्ट यांना तो ठळक करावा लागला. व्हिलनव्ह यांनी तो उचलून चानीच्या तोंडी दिला. कादंबरीतली चानी शेवटी पॉलजवळ राहते, चित्रपटातली पाठ फिरवून वाळवंटात निघून जाते. चानी बिघडवली, असं म्हणणाऱ्यांना मी सांगते, तिला वाचकाची शंका सांभाळायला दिली आहे.

मेजवानीचा प्रसंग मात्र हवा होता. एका टेबलाभोवती अख्खं राजकारण उलगडणारी ती पानं चित्रपटात नाहीत, याची मला खरोखर हळहळ वाटते.

'२००१'ला रूपांतर म्हणायचं तरी का?

काटेकोरपणे नाही. आर्थर सी. क्लार्क यांच्या 'द सेंटिनल' या छोट्या कथेतून बीज घेतलं, आणि कादंबरी व चित्रपट क्लार्क आणि दिग्दर्शक स्टॅनली कुब्रिक यांनी बरोबरीनं घडवले. दोन्ही १९६८ साली आले. कादंबरीतलं यान शनीकडे जातं, चित्रपटातलं गुरूकडे, कारण शनीची कडी पटण्यासारखी उभी करणं तेव्हा जमेना. कादंबरी सगळं समजावते, चित्रपट काहीच समजावत नाही. म्हणून आधी पाहा, काही दिवस गोंधळात राहा, मग वाचा.

चित्रपटात विज्ञान चुकलं तर तो बाद धरायचा का?

'द मार्शियन'च्या सुरुवातीचं वादळ अशक्य आहे. मंगळावरच्या हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी, तिथलं वारं यान कलंडवू शकणार नाही. पण ही चूक कादंबरीतच आहे आणि अँडी वीर यांनी ती जाणूनबुजून केल्याचं मान्य केलं आहे. त्यावर मी वाद घालत नाही. बटाटे, पाणी, प्राणवायू यांचा हिशेब मात्र पुस्तकाचा प्राण आहे. रिडली स्कॉट यांनी २०१५च्या चित्रपटात तो कॅमेऱ्यासमोरच्या रोजनिशीत ठेवला. नायक वॉटनी आपल्याशी थेट बोलतो आणि ते खटकत नाही, कारण मंगळावर एकटा मागे राहिलेला अंतराळवीर नोंदी ठेवणारच. 'ब्लेड रनर'चं दिग्दर्शनही स्कॉट यांचंच. तिथं नायकाचा आवाज उपरा वाटला, इथं त्याला कारण आहे.

भारतीय पात्रांचं काय होतं?

बहुतेकदा गळतात. 'द मार्शियन'मधला व्यंकट कपूर चित्रपटात व्हिन्सेंट कपूर झाला. कार्ल सेगन यांच्या 'कॉन्टॅक्ट' कादंबरीत परग्रहावरून आलेल्या संदेशानुसार बांधलेल्या यंत्रात बसून पाच जण जातात आणि त्यांत देवी सुखावती ही भारतीय शास्त्रज्ञ आहे. १९९७च्या चित्रपटात नायिका एली एकटीच जाते. साक्षीदार पाच असणं आणि एक असणं यानं कथेचा अर्थच बदलतो. पाच जणांचं म्हणणं जगानं नाकारलं तर तो सत्तेचा प्रश्न होतो, एकटीचं नाकारलं तर श्रद्धेचा. सेगन यांनी पाच जण विचार करून निवडले होते, म्हणून मला हा बदल सलतो.

चित्रपटापेक्षा मालिका बरी नाही का? वेळ तरी मिळतो.

वेळ मिळतो, पेच तोच राहतो. लिऊ त्सिशिन यांच्या 'थ्री-बॉडी प्रॉब्लेम'वर २०२३ साली तीस भागांची चिनी मालिका आली आणि २०२४ साली आठ भागांची नेटफ्लिक्सची. पहिली पुस्तकाला पानागणिक धरून चालते, दुसरीनं बरीचशी गोष्ट ब्रिटनमध्ये नेली. भाग जास्त म्हणून पहिली आपोआप सरस ठरत नाही. मला ती अधिक आवडते ती दुसऱ्या कारणानं: शास्त्रज्ञ घाबरतात तेव्हा त्यांची भीती पिकायला ती सवड देते.

मराठी विज्ञानकथा पडद्यावर कशी दिसेल?

माझी निवड ठरलेली आहे. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'नारायण विनायक जगताप' या नावानं कथा पाठवली होती, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. त्यांची 'उजव्या सोंडेचा गणपती' घ्या. तीत माणूस आरशातल्या प्रतिमेसारखा उलटा होतो, डाव्याचं उजवं होतं. कागदावर हे समजवायला लेखकाला परिच्छेद खर्चावे लागतात. पडद्यावर एक शॉट आडवा उलटवला की झालं. देव्हाऱ्यातली मूर्ती आधी एकदा दाखवा, नंतर उलटवून दाखवा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला बोलायचीही गरज नाही, तो नुसता सोंडेकडे पाहील. विचार चित्रातच बसतो अशी कथा सहसा मिळत नाही. मोठं यान नको, परग्रह नको. एक घर, एक मूर्ती आणि नीट ठेवलेला कॅमेरा पुरे.

गटात यायचं तर तयारी काय करायची?

पुस्तकाचं एक पान आणि चित्रपटातला एक शॉट निवडून या. 'एकूणच मजा आली नाही' यावर बोलता येत नाही. 'या पानावरचं हे वाक्य त्या शॉटमध्ये कुठे गेलं?' यावर दोन तास बोलता येतं. पुस्तक अप्पा बळवंत चौकात जुनं मिळालं तर उत्तम. मागच्या मालकानं कुठे खुणा केल्या आहेत तेही आम्ही पाहतो.

पुढच्या महिन्यात तार्कोव्हस्की यांचाच 'स्टॉकर' आहे. तो ज्या कादंबरीवर आहे ती स्त्रुगात्स्की बंधूंची 'रोडसाइड पिकनिक' वाचून या. पटकथा खुद्द त्यांचीच आहे, तरीही कादंबरीतलं फारच थोडं तीत उरलं आहे. मी कादंबरीचं शेवटचं पान आणणार आहे, सगळ्यांसाठी फुकट सुख मागणारं. आणि चित्रपटातला शेवटचा शॉट: मुलगी टेबलावर गाल टेकून पाहते आहे आणि पेला आपोआप सरकतो आहे.